घर घेण्याआधी बिल्डिंग कशी तपासायची? पार्किंगपासून गच्चीपर्यंत, नवख्यांसाठी

आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा तीन वेळा बघायला गेलो होतो. टाइल्स बघितल्या, सगळे नळ सोडून बघितले, उजेड कुठून येतो ते बघितलं, पण ज्या कॉलमवर सगळी बिल्डिंग उभी आहे त्याच्याकडे घरातल्या एकानेही लक्ष दिलं नाही. पाच वर्षांनी पार्किंगमधल्या एका कॉलमचं प्लास्टर गाडीच्या बॉनेटवर पडलं आणि आतली सळई दिसली, नखाने खरवडली तरी पापुद्रे निघत होते. मी तेव्हा कमिटीत होते, त्यामुळे पुढचं दीड वर्ष ऑडिट, रिपोर्ट, मीटिंगा, दुरुस्ती, सगळं माझ्या डोळ्यासमोर झालं. त्यात जे कळलं ते घर घेण्याआधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून लिहितेय. मी इंजिनिअर नाही आणि हे वाचून तुम्हीही होणार नाही, पण इंजिनिअरला काय विचारायचं आणि कुठल्या बिल्डिंगमधून सरळ बाहेर पडायचं एवढं नक्की कळेल.

१. आधी दोन गैरसमज काढून टाका

पहिला, "आमच्या भागात भूकंप होत नाही." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा तो भाग भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक जण झोपेत, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरच्या मातीच्या जड छताखाली. म्हणून झोनचा नंबर बघा जरूर, पण तो कमी आहे म्हणून बिल्डिंग बघायची सोडू नका.

दुसरा, "बिल्डिंग नवीन आहे, काळजी नाही." ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात आधी ७.८ आणि साधारण नऊ तासांनी ७.५ चा धक्का बसला, तिथे जुन्या इमारतींबरोबर अगदी अलीकडे बांधलेल्याही पडल्या. नियम कागदावर चांगले होते, पण २०१८ मध्ये सरकारने बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करून दिली होती. दंड भरल्याने कागद सरळ होतो, कॉलममध्ये सळई वाढत नाही. आणि पडायला भूकंप लागतोच असंही नाही. एप्रिल २०१३ मध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला परवानगी नसलेली सात मजली इमारत काम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जण गेले, जमीन हललीसुद्धा नव्हती.

बांधकामाने किती फरक पडतो त्याचं माझ्या डोक्यात बसलेलं उदाहरण २०१० चं आहे. जानेवारीत हैतीमध्ये ७.० चा भूकंप, फेब्रुवारीत चिलीमध्ये ८.८ चा. रिश्टरच्या हिशोबात एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पट होते, म्हणजे चिलीचा भूकंप जवळपास ५०० पट मोठा. तरी हैतीत लाखाहून जास्त माणसं गेली आणि चिलीत त्सुनामी धरून पाचशेच्या आसपास. चिलीत भूकंपाच्या केंद्रापासून शहरांचं अंतर जास्त होतं, वस्ती वेगळी होती, हे सगळं मान्य, पण तिथे बांधकामाचे नियम बरीच वर्षं खरोखर पाळले गेले होते.

अजून एक, विकणारे "भूकंपरोधक" म्हणतात त्याचा अर्थ "काही होणार नाही" असा नसतो. कोडचा, म्हणजे बांधकामाच्या नियमांचा, हिशोब असा असतो की लहान धक्क्यात काही होऊ नये, मध्यमात दुरुस्त होण्याइतपत व्हावं, आणि मोठ्यात बिल्डिंगचं नुकसान झालं तरी ती कोसळू नये, माणसं बाहेर पडावीत. तेवढं मिळालं तरी खूप आहे.

२. खाली जमीन कसली आहे ते विचारा

हे कोणी विचारतच नाही. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत हजारो माणसं गेली तेव्हा भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांब होतं. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर आहे, त्या गाळाने हादरे वाढवले आणि मधल्या उंचीच्या इमारतींना सगळ्यात जास्त फटका बसला. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात अहमदाबादचं तसंच झालं, केंद्र दोनशे किलोमीटरच्या पलीकडे, नदीच्या गाळाची जमीन, आणि बहुमजली इमारती पडल्या. १९६४ मध्ये जपानच्या निगाताला तर ओली वाळू हादऱ्याने पातळ चिखलासारखी झाली आणि अख्ख्या इमारती जवळजवळ न मोडता आडव्या झाल्या.

म्हणून आसपासच्या जुन्या माणसांना विचारा की इथे आधी काय होतं. तळं, नाला, भात खाचर, खाण, कचऱ्याचा डेपो? भराव टाकलाय का? भराव म्हणजे नकार असं नाही, पण मग पाया पाइलचा (जमिनीत खोलवर नेलेल्या खांबांचा) आहे का आणि सॉइल रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या तपासणीचा अहवाल, कुठे आहे हे विचारायचंच. रिपोर्टमध्ये माती तपासायला बोअर किती मारले, किती खोल गेले आणि ते याच प्लॉटवरचे आहेत का ते बघा, आम्हाला दाखवलेला रिपोर्ट शेजारच्या प्लॉटचा निघाला होता.

३. पार्किंगमध्ये दहा मिनिटं उभे राहा

सगळा लेख वाचायचा कंटाळा आला तर निदान एवढं करा. फ्लॅट बघायच्या आधी पार्किंगमध्ये जा आणि नुसतं बघा.

वरच्या मजल्यांवर खोल्या असतात, म्हणजे विटांच्या भिंती असतात, त्या भिंतींमुळे वरचे मजले ताठ होतात. खाली पार्किंग किंवा दुकानं म्हणून सगळं मोकळं, नुसते कॉलम. भूकंपात वरचा ताठ डबा एकसंध हलतो आणि सगळी वाकवावाकवी त्या एका मोकळ्या मजल्याच्या कॉलमना सोसावी लागते. टेबलाचे पाय बारीक आणि वर जड पेटारा ठेवला तर काय होईल तसं. इंजिनिअर याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. अहमदाबादला पडलेल्या बऱ्याच इमारती याच प्रकारच्या होत्या, खालचा मजला चेपला गेला आणि वरचे मजले त्याच्यावर बसले.

उपाय असतो. पार्किंगमध्ये काही ठिकाणी तळापासून वरपर्यंत जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंती असतात, त्यांना शिअर वॉल म्हणतात, लिफ्टच्या भोवती एकाच कोपऱ्यात नाही तर दोन्ही दिशांना विभागलेल्या असल्या की चांगलं. नाहीतर खालचे कॉलम मुद्दाम मोठे केलेले असतात. दोन्ही दिसत नसेल तर प्रश्न विचारायचाच.

तिथेच उभं राहून अजून एवढं बघून घ्या:

कॉलम किती जाड आहेत ते टेप लावून मोजा. भारतात भूकंपासाठीच्या आयएस १३९२० या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची कुठलीही बाजू ३०० मिमीपेक्षा कमी चालत नाही. भिंतीत लपावा म्हणून २०० किंवा २३० मिमीचे पातळ कॉलम करतात, जुन्या बिल्डिंगमध्ये हे सर्रास दिसतं, प्लास्टर वजा करून मोजायला विसरू नका.

वरचा प्रत्येक कॉलम खाली जमिनीपर्यंत येतोय का? गाड्या वळवायला जागा हवी म्हणून मधला कॉलम खाली काढून टाकतात आणि वरचा कॉलम नुसत्या बीमवर उभा करतात, याला फ्लोटिंग कॉलम म्हणतात. भूकंपाच्या भागात मी असली बिल्डिंग घेणार नाही.

दोन कॉलमच्या मध्ये अर्ध्या उंचीची भिंत आणि वर खिडकी किंवा जाळी असेल तर कॉलमचा मोकळा भाग आखूड होतो आणि नेमका तिथेच तिरका तुटतो. जिन्याच्या मधल्या लँडिंगपाशीही हेच होतं. आणि शेजारची बिल्डिंग चिकटून असेल, त्यातून दोघींचे स्लॅब वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर हलताना एकीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमच्या मधोमध आदळतो.

४. तडे: कुठले घाबरवणारे आणि कुठले नाहीत

प्लास्टरवर जाळीसारख्या बारीक केसाएवढ्या रेषा बहुतेक वेळा प्लास्टर सुकल्याच्या असतात. भीती वाटायला हवी ती पुढच्या गोष्टींची. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ, तिरका तडा. कॉलमच्या कोपऱ्याला धरून वरून खाली जाणारा सरळ तडा, हा आत सळई गंजून फुगल्याचा असतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून बाहेर ढकलतो. स्लॅबच्या खालून पडणारे पोपडे, तपकिरी डाग. भिंतीत पायऱ्या पायऱ्यांनी जाणारा तडा, सोबत दारं घासायला लागली असतील तर पाया खचत असू शकतो.

एक सोपी तपासणी: किल्लीने किंवा नाण्याने कॉलमवर टकटक करत खालून वर जा. भरीव काँक्रीटचा आवाज कोरडा, घट्ट येतो. मध्येच बदबद आवाज आला की तिथे आतून सुटलंय. आमच्या पार्किंगमध्ये गुडघ्याच्या उंचीपर्यंत जवळजवळ सगळे कॉलम बदबद वाजत होते, कारण वरच्या बाथरूमचा पाइप वर्षानुवर्षं गळत होता आणि पाणी कॉलमवरून उतरून तळाशी मुरत होतं, सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे त्याला "थोडी ओल" म्हणत होते.

तडा वाढतोय का हे कळायला त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा, पट्टी धरून फोटो काढा. किंवा तड्यावर आडवी काचेची छोटी पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवून टाका, काच तडकली की हालचाल चालू आहे.

सापळा: नुकताच रंग दिलाय आणि तोही फक्त पार्किंगला? मग जास्त लक्ष देऊन बघा. रंगाखालचं टकटक केल्यावर कळतंच.

५. वर काय चढवलंय आणि आत काय पाडलंय

सोलमधलं सामपूंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ ला कोसळलं, ५०२ माणसं गेली. मूळ आराखड्यात नसलेला पाचवा मजला वाढवलेला, सरकत्या जिन्यांसाठी कॉलमना छेद दिलेला, आणि गच्चीवर एसीची जड यंत्रं एका जागेवरून दुसरीकडे ओढत नेलेली. तडे आधीपासून दिसत होते.

त्यामुळे मंजूर नकाशातले मजले आणि बाहेर उभं राहून बोटाने मोजलेले मजले जुळतात का बघा. मग गच्चीवर जा. जास्तीच्या टाक्या, मोबाइलचा टॉवर, मातीची बाग, कोब्यावर कोबा घातलेला. गळती थांबवायला दर दहा वर्षांनी जुना थर न काढता वर नवा थर घालतात, आमच्याकडे खोदल्यावर तीन थर निघाले. नंतर खालच्या मजल्यावर या, दुकानाने किंवा जिमने जागा मोठी करायला काही पाडलंय का ते बघा. शेजाऱ्याने इंटिरिअर करताना बीम फोडून पाइप नेला असेल तर तो प्रश्न तुमचाही आहे. आणि विटांच्या भिंतींवरच उभी असलेली जुनी इमारत असेल, कॉलम नसलेली, तर तिथे एकही भिंत "नुसती पार्टिशन" समजू नका.

६. कागद

झेरॉक्सवर समाधान मानू नका, मूळ बघायला मागा आणि परवानगी देणाऱ्या ऑफिसात नंबर जुळवून घ्या.

- मंजूर नकाशा, शेवटच्या सुधारणेसकट
- बांधकामाची परवानगी
- भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला (हा नसेल तर माझ्या मते पुढे जाऊच नका)
- स्ट्रक्चरल ड्रॉइंग, म्हणजे कॉलम, बीम, पाया यांच्या सळयांचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचे
- सॉइल रिपोर्ट
- क्यूब टेस्टचे रिपोर्ट, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे फोडून ताकद बघतात त्याचे
- जुन्या बिल्डिंगसाठी शेवटचा ऑडिट रिपोर्ट आणि त्यानंतर केलेल्या दुरुस्तीची बिलं

शेवटची जोडी महत्त्वाची. रिपोर्ट आहे पण दुरुस्तीची बिलं नाहीत, याचा अर्थ धोका माहीत आहे आणि काही केलेलं नाही. स्ट्रक्चरल ड्रॉइंग कोणाकडेच नाहीत असं जुन्या बिल्डिंगमध्ये फार वेळा ऐकायला मिळतं, तेव्हा आतली सळई स्कॅन करून शोधावी लागते. नवीन बिल्डिंगमध्ये "ड्रॉइंग देता येत नाहीत" असं कोणी म्हणालं तर मात्र कारण लेखी मागा.

७. काम चालू असेल तर साइटवर काय बघायचं

सुट्टीच्या दिवशी नाही, स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी आणि भरायच्या दिवशी जा.

आदल्या दिवशी सळया उघड्या असतात. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ज्या रिंगा असतात त्यांची टोकं बघा. टोक काटकोनात वाकवून सोडलेलं असेल तर मोठ्या हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट गळून पडतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फाकतात. टोक १३५ अंशात, म्हणजे आतल्या बाजूला वळवलेलं हवं. वाकवायला थोडी जास्त मेहनत लागते म्हणून टाळतात, बाकी काही कारण नाही. बीम-कॉलमच्या गाठीजवळ रिंगा दाट हव्यात, आयएस १३९२० प्रमाणे तिथे १०० मिमीपेक्षा जास्त अंतर चालत नाही. सळई आणि सेंटरिंगच्या फळीमध्ये अंतर राखणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, आहेत का बघा, कॉलमला साधारण ४० मिमी, स्लॅबला २० मिमी, समुद्राजवळ त्याहून जास्त. ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सारलेले असतील तर भरताना ते सरकतात आणि सळई फळीला टेकते, मग काही वर्षांतच गंज.

भरायच्या दिवशी पाण्यावर लक्ष ठेवा. मी स्वतः बघितलंय, माल घट्ट झाला, सरकेना, तेव्हा एकाने सरळ पाइप आणून त्यात धरला आणि दोन मिनिटांत सगळं छान वाहायला लागलं. तिथे उभ्या असलेल्या एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. सिमेंटला मुरायला जेवढं लागतं त्याहून जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं, ताकद कमी होते आणि पुढे त्याच वाटेने ओल आत येते. ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटरच्या आसपास पाणी, आणि तेही वाळूतला ओलावा धरून. माल सरकत नसेल तर त्यासाठी वेगळं केमिकल असतं, पाइप हा उपाय नाही.

व्हायब्रेटर चालू आहे का बघा, नाहीतर फळ्या काढल्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात आणि लगेच कोणीतरी सिमेंटचा हात फिरवून ती बुजवतं. क्यूब भरताना दिसले पाहिजेत, १५० मिमीचे चौकोनी साचे, ७ आणि २८ दिवसांनी फोडून बघतात. आणि मग पाणी मारणं. साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस, मिश्र सिमेंट किंवा कडक ऊन असेल तर कमीत कमी १० दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात पण कॉलम विसरतात. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळलेलं दिसलं तर त्या साइटवर काळजी घेतात असं समजा.

८. स्ट्रक्चरल ऑडिट करून घेताना

नुसतं फिरून फोटो काढून दिलेला रिपोर्ट म्हणजे ऑडिट नाही. चाचण्या मागा: रिबाउंड हॅमर (वरच्या थराचा अंदाज), अल्ट्रासोनिक (आत पोकळी आहे का), कोअर काढून लॅबमध्ये फोडणं (खरी ताकद), हाफ सेल (गंज लागण्याची शक्यता), आणि कार्बोनेशन. ही शेवटची मी समोर बसून बघितली. कॉलमचा थोडा भाग फोडला, धूळ झटकली आणि त्यावर फिनॉल्फथॅलीन शिंपडलं. चांगलं काँक्रीट लगेच गडद गुलाबी होतं, म्हणजे सळईला गंजापासून वाचवणारा अल्कलीपणा शिल्लक आहे. आमच्या कॉलमला बाहेरून सळईपर्यंत काहीच रंग आला नाही, सळईच्या मागे मात्र गुलाबी पट्टा उमटला. मीटिंगमध्ये जे लोक खर्च पुढे ढकला म्हणत होते त्यांना मी तो फोटो दाखवला, त्यानंतर फार वाद झाला नाही.

सापळे दोन. ऑडिट करणारा आणि दुरुस्तीचं काम घेणारा एकच नको. आणि रिपोर्ट आल्यावर कामाची तारीख त्याच मीटिंगमध्ये ठरवा. फ्लोरिडातल्या सर्फसाइडची १२ मजली इमारत २४ जून २०२१ च्या रात्री पडली आणि ९८ जण गेले, तिथे इंजिनिअरने २०१८ मध्येच स्विमिंग पूलजवळच्या स्लॅबचं मोठं नुकसान लेखी दिलं होतं. मधली वर्षं कामाच्या आणि पैशाच्या चर्चेत गेली.

दुरुस्तीत कॉलम फोडायच्या आधी टेकू लागलेत याची खात्री करा. गंजलेल्या सळईवर नुसतं प्लास्टर करून रंग देणं म्हणजे दुरुस्ती नाही, गंज साफ करणं, गेलेली सळई बदलणं, गरज असेल तिथे जॅकेटिंग (कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर), आणि सगळ्यात आधी गळती बंद करणं.

९. कधी काहीही न बघता बाहेर पडायचं

कॉलममध्ये अचानक नवा तडा, तडा तासातासाला रुंदावतोय, कडकड आवाज, स्लॅब मध्ये झुकलेला, एकाच दिवशी बरीच दारं अडकायला लागली, छतातून एकसारखी काँक्रीटची भुकटी. यातलं काहीही दिसलं तर खाली उतरा, येताना वरखालच्यांची दारं वाजवा, लिफ्ट वापरू नका, आणि बिल्डिंगच्या उंचीपेक्षा लांब जाऊन उभे राहा. मग अग्निशमन दलाला फोन.

बांगलादेशात सावरच्या राना प्लाझामध्ये २३ एप्रिल २०१३ ला तडे दिसले आणि इमारत रिकामी केली. खालच्या बँकेने दुसऱ्या दिवशी आपल्या लोकांना येऊ दिलं नाही. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र सकाळी परत बोलावलं, आणि ते कामावर चढल्यावर इमारत कोसळली, ११३४ जण गेले.

तेव्हा बाहेर पडल्यावर कोणी "रात्रभर काही झालं नाही, चला वर" म्हणालं तरी जाऊ नका. मालक, बिल्डर, कमिटी यांच्या तोंडी शब्दावर नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरने आत जाऊन बघून सही-शिक्क्यानिशी लेखी दिल्यावरच. कागदपत्रं, रोजची औषधं आणि चपला एका पिशवीत दाराजवळ ठेवलेल्या असल्या की ते घ्यायला आत परत जायची वेळ येत नाही, आमच्याकडे ती पिशवी दुरुस्तीच्या आधीपासून तिथेच आहे.